डोकं दुखेल थोडं

गोळ्या देण्याआधी मला सांगावं लागतं,
जिभेखाली ठेवा, बसून घ्या,
डोकं दुखेल थोडं.

व्हर्ना डनमायर हसल्या.
वय एक्याण्णव, लोकरी टोपी कानांवर ओढलेली,
बाहेर ब्रॅडफर्डच्या रस्त्यावर
मार्चचा मळका बर्फ.
“आमच्या अख्ख्या घराचं डोकं,” म्हणाल्या,
“दर सोमवारी दुखायचं.”

पुढच्या गुरुवारी पिशवीतून वही काढली :
‘डनमायर बंधू, तेलविहिरी फोडणारे. १८७९.’
दुकानात गिऱ्हाईक नव्हतं.
पानांना अजून रॉकेलचा वास.
विहीर कोणाची, खोली किती फूट,
नायट्रो किती ओतलं, पिंपं किती आली;
अक्षर किराणा मालाच्या यादीसारखं निवांत.
मधेच कुठे : ‘रात्री. नाव लिहू नये.’
पेटंटवाल्यांचे हेर झाडांआड बसत
म्हणून हे चंद्र मावळल्यावर निघत,
मालकाच्या सांगण्यावरून
मालकाचीच विहीर चोरून फोडायला.
अर्ध्या भावात.

सुरुंग मला ठाऊक होते.
आमच्या गावी विहिरीच्या काठावरून माणूस ओरडायचा,
पळाऽऽ, आणि आम्ही पोरं
पळायचं सोडून बघत राहायचो.

पण हे पातळ. पिवळसर, तेलकट,
चवीला गोड, म्हणतात.
तळहाताच्या फोडासारखे जपलेले डबे,
गाडीला दुहेरी स्प्रिंगा,
आणि जुनो नावाची घोडी, जिला ठेच माहीत नव्हती.
समोरून गाडी आली की लोक शेतातून वळसा घालत.
चर्चमध्येसुद्धा यांच्या बाकावर
ऐसपैस जागा.

पत्र्याच्या नळकांड्यात ओतायचं,
काठाकाठाने, थेंब न उडवता,
झोपलेल्या बाळाला दूध पाजावं तसं.
दोरीने खाली सोडायचं, सतराशे फूट.
मग वरून लोखंडाचा एक तुकडा,
नाव त्याचं गो-डेव्हिल.
जा बाबा सैताना, जा.

“नऊ वर्षांची होते, बाबांनी एकदा मला सोडू दिला.
हातातून सुटला आणि हात इतका हलका झाला
की मी पळायचंच विसरले.
त्यांनी काखोटीला मारलं. मी मोजत होते.
अकरा झाले.
आवाज आधी येत नाही, बरं का.
आधी तळपायांना कळतं.”
मग दगड, मग पाणी,
मग डेरिकच्याही वर हिरवट काळं तेल,
आणि तिचा रविवारचा फ्रॉक कायमचा गेला.

नोव्हेंबर १८८७ चं पान त्यांनीच उघडून दिलं.
‘एल्बर्ट. जुनो. गाडी. ऐंशी क्वार्ट.’
पुढे नुकसानीचा रकाना.
गाडीची किंमत लिहिली आहे.
घोडीची लिहिली आहे, थोडी जास्तच.
एल्बर्टपुढे शाईचा एक ठिपका,
टाक टेकवून कुणीतरी बराच वेळ बसलेलं.
त्याच्याखाली लगेच दुसऱ्या दिवशीची विहीर.

“आणि सोमवारचं काय?” मी विचारलं.
रविवारची सुट्टी. शरीर तेवढ्यात विसरायचं,
सोमवारी वाफ नाकात गेली की कपाळात घण.
म्हणून सुट्टीतही टोपीच्या पट्टीत
थोडंसं लावून हिंडायचे पुरुष.
आई त्या टोप्या खुंटीवर टांगू द्यायची नाही.
कपाटावर ठेवायची, उताण्या.

शेवटची नोंद १९५२. ओक्लाहोमाहून ट्रक आले,
पाण्याच्या दाबाने खडक फोडणारे.
गोदामाचं भाडं चुकतं केलं. बाकी शून्य.

मी तपकिरी बाटली कानाशी धरून
सवयीने खुळखुळवली.
त्यांनी मनगट धरलं. घट्ट.
मग स्वतःच ओशाळल्या, हात सोडला,
टोपी नीट केली.

तेच औषध, हजारात एखादा कण.
कळ आली तर एक, मी पुन्हा सुरू केलं,
मग पाच मिनिटं थांबायचं,
घड्याळ नसेल जवळ तर मोजायचं...

“मोजता येतं मला,” म्हणाल्या,
आणि वही तिथेच विसरून
बर्फातून सावकाश, पाऊल पारखत गेल्या.